मयेची शेवटची गाडी

बिस्किटांच्या डब्यात माझी सहा कार्डं आहेत,
सहा शहरांची.
प्रत्येकावर थोडे पैसे उरलेत.
किती, ते सांगणारं यंत्र
डिचोलीत नाही.

म्हाबळू कंडक्टर म्हणतो,
"जहाजावर एवढी वर्षं काढलीस, तिथल्या गाड्या कशा, सांग तरी."
मयेची गाडी इंजिन बंद करून उभी.
पावणेआठला सुटेल, भरली तर.
न भरली तरी सुटेल,
ड्रायव्हरला घरी जेवायला जायचंय.

न्यूयॉर्क, मी सांगतो, रात्रभर जागं.
पहाटे तीनला जमिनीखाली उभं राहावं,
आधी वारा येतो, मग उजेड, मग गाडी.
उंदरांना वाऱ्याच्याही आधी कळतं.
भाडं एकच, एक स्टेशन जा की तीस.
"म्हणजे पुढच्या नाक्यावर उतरणारा बुडाला,"
म्हाबळू म्हणतो.
सत्तावीस वर्षं टप्पे मोजलेत त्याने,
असला हिशेब त्याला पटत नाही.

बोस्टनचे डबे लहान, वळणावर लोखंड किंचाळतं.
एका बाईने माझ्या हातातला उलटा नकाशा
सरळ करून दिला
आणि एक शब्द न बोलता उतरून गेली.

ओकलंडहून गाडी खाडीच्या तळाखालून जाते.
सात मिनिटं कान दडपलेले.
वर पाणी, पाण्यावर माझंच जहाज असेल.
तिथे मला आपली फेरीबोट आठवली, असं म्हणायला हवं,
पण खोटं कशाला बोलू?
बारा वाजता शिडी वर घेतील, एवढंच आठवत होतं.

शिकागो मी पाहिलं नाही.
कायतान पाहून आला, मुलीकडे गेला होता तेव्हा.
गाड्या म्हणे दुसऱ्या मजल्यावरून धावतात,
लोकांच्या खिडक्यांतली भांडी दिसतात.
थंडीत फलाटावर गरम दिवे लावतात,
त्याखाली माणसं दाटीने उभी,
पोल्ट्रीतल्या पिल्लांसारखी.
म्हाबळू इतका हसला
की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

"आणि लॉस एंजेलिस?"

लाँग बीचला गाडीत बसलो. डबा अर्धा रिकामा.
बाहेर रस्ता नदीएवढा रुंद,
आणि प्रत्येक मोटारीत एकच माणूस.
गाडीत कोण? हॉटेलातल्या चादरी बदलणारी बाई,
गुडघ्यांवर रंग सांडलेला पोर,
पांढऱ्या बुटांतली एक म्हातारी नर्स,
बूट काढून पाय चोळत बसलेली.
ज्यांना मोटार परवडत नाही, त्यांची गाडी.
म्हणून ती उशिरा आली
तरी कुणी कुणाला विचारत नाही.

म्हाबळू सुटे पैसे या हातातून त्या हातात करत राहिला.
मग म्हणाला, "म्हणजे डिचोलीच की रे."

पाच जण घेऊन गाडी सुटली.
तळ्याच्या उतारावर समोरून स्कूटर आली,
दिवा खाली करून.
ड्रायव्हरने गाडी गटाराला चिकटवली.
सुलक्षा, म्हाबळूची धाकटी,
म्हापशाच्या इस्पितळात, रात्रपाळी.
या वेळेला मयेहून तिकडे काहीच जात नाही.
बाप कंडक्टर, आणि तिने स्कूटर घेतली
छत्तीस हप्त्यांवर.
पायाखालच्या पट्टीवर तिचे पांढरे बूट दिसले,
मग तेही गेले.
म्हाबळूने पत्रा दोनदा वाजवला.
तिच्यासाठी की ड्रायव्हरसाठी, कळलं नाही.

उतरताना मी त्याला एक कार्ड दिलं, पिवळं.
त्याने ते डब्याच्या दिव्याखाली धरून पाहिलं.
"किती उरलेत यावर?"
माहीत नाही.
"असू दे. सुलक्षाने परीक्षेचा फॉर्म भरलाय तिकडचा,
गेली तर लागेल."
शर्टाच्या खिशात, तिकिटांच्या मागे, नीट ठेवलं.

ती कार्डं तिथे आता बंद होताहेत,
असं कायतान सांगत होता.
मी काही बोललो नाही.
गाडी पुढे वळायला गेली, रिकामी,
आतले सगळे दिवे लावून.